अंगणवाडी की डी.एड.? आर्वीकडच्या एका फौजीच्या बायकोला उत्तर

पत्र आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातून आलं आहे. ताईंचं वय 29. बारावी आर्ट्स झाली, बी.ए.चं पहिलं वर्ष लग्नात सुटलं. नवरा फौजेत नायक, 11 वर्षं सर्व्हिस. गेल्या दिवाळीनंतर ते फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी गेले, अजून दोन-अडीच वर्षं तिकडेच. त्यानंतर पीस पोस्टिंग, म्हणजे कुटुंब नेता येईल अशी बदली आली आणि राहायला फौजेचं क्वार्टर मिळालं तर सगळे सोबत. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत, मुलगा अंगणवाडीत. सासू-सासरे, चार एकर वावर, कापूस-तूर. संध्याकाळी छपरीत गल्लीतल्या अकरा पोरांची शिकवणी. गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली आहे. तिथे अर्ज करू की डी.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षिकेच्या पदविकेला जाऊ, असा प्रश्न. आणि शेवटी एक ओळ: ‘जाऊ म्हणते, फौजीची बायको हायेस, तुले कायची कमी हाय व?’

ताई, जाऊबाईंपासूनच सुरुवात करते. त्यांचं बोलणं टोमण्याचं असलं तरी मुद्दा हिशेबाचा आहे. एक पाठकोरा कागद घ्या आणि तीन रकाने आखा: तुमचे हे, तुम्ही, मुलगी. ते विसाव्या वर्षी भरती झाले, आज 31. फौजेतला जवान साठीपर्यंत नोकरीत नसतो. 15 वर्षं भरली की पेन्शन लागू होते आणि नायक-हवालदार मंडळी बहुतेक चाळिशीच्या आगेमागे घरी येतात. म्हणजे साधारण नऊ वर्षांनी. पेन्शन असते शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी. आता मुलीच्या रकान्यात नऊ वर्षं मिळवा. ती 18 वर्षांची, बारावी संपून कॉलेजच्या दारात. पगार निम्मा होणार तेव्हाच घरातला सगळ्यात मोठा खर्च उभा राहणार. त्या वर्षी तुम्ही 38 च्या असाल. तुमच्या रकान्यात तेव्हा काय लिहिलेलं असेल, एवढाच प्रश्न आहे.

अंगणवाडीबद्दल मी स्पष्टच बोलते. काम चांगलं आहे, गावात मान आहे, घरापासून पायी जाता येतं. पण ती जागा त्या गावच्या रहिवासी बाईसाठीच असते आणि त्यातून मिळतं ते मानधन. दोन वर्षांनी क्वार्टर मिळालं की तुमच्यापुढे दोनच वाटा: राजीनामा द्यायचा, नाहीतर नवऱ्याला सांगायचं की आम्ही येत नाही. अकरा वर्षांत सलग किती महिने एकत्र राहिलात हे तुम्ही पत्रात लिहिलं नाही, मी विचारतही नाही. पण सुट्ट्या मला ठाऊक आहेत. वर्षाला 60 दिवसांची ॲन्युअल लीव्ह, 30 दिवसांची कॅज्युअल, आणि तीही तुकड्या-तुकड्यांत. मिळतंय ते क्वार्टर मानधनापायी सोडू नका. तुम्ही कायम गावातच राहणाऱ्या असता, तर आजच अर्ज करा म्हणाले असते.

मी स्वतः फौजीची मुलगी. आमच्या घरी काळी लोखंडी पेटी होती, तिच्यावर पांढऱ्या रंगात बाबांचा नंबर, रँक, नाव. रँक दोनदा खरवडून नव्याने रंगवलेली. बाबांच्या पत्त्यात गाव नसायचं, युनिटचं नाव आणि ‘56 ए.पी.ओ.’, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. बदली झाली की आई त्या पेटीत काय मावतं आणि काय मागे ठेवायचं ते ठरवायची. तुमचं शिक्षण मी त्याच नजरेने बघते आहे. बदलीच्या गावाला सोबत नेता येईल असंच काहीतरी घ्या.

म्हणून डी.एड. आता त्याला डी.एल.एड. म्हणतात. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि कॉलेजात रोज जावं लागतं. नवरा फील्डला असण्याची वर्षं बायकांना फुकट गेल्यासारखी वाटतात. तुमच्या बाबतीत नेमकी तीच कामाची आहेत, कारण तुम्ही दोन वर्षं एका जागी आहात आणि घरात सासूबाई आहेत. कॉलेज निवडताना नाव बघू नका, एसटी बघा. सकाळी कितीला निघते, संध्याकाळी कितीला परत सोडते. तिकीट बायकांना अर्धं आहेच. खरी अडचण कापूस वेचणीच्या दिवसांत येईल. तेव्हा घरातली एक बाई कॉलेजला जाते म्हटल्यावर सासरे काय म्हणतील, ते आधीच विचारून घ्या आणि त्या महिन्यांत मजूर लावायचे पैसे वेगळे काढून ठेवा.

बी.ए. पुढे करायचं. पीस पोस्टिंगला गेलात की इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून करा. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात आणि केंद्र देशात कुठलंही घेता येतं, त्यामुळे मध्येच बदली आली तरी खंड पडत नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ मराठीतून शिकवतं, ते सोपं जाईल, पण तुम्ही उद्या पंजाबात असलात तर परीक्षेला इकडे यावं लागेल. सीटीईटीचा, म्हणजे केंद्राच्या शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिला पेपरही देऊन टाका. तो पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी असतो आणि प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. बी.ए., डी.एल.एड. आणि सीटीईटी हातात असेल तर छावणीतल्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये प्राथमिक शिक्षिकेसाठी उभं राहता येतं. तिथे आधी एक ऑनलाइन स्क्रीनिंग परीक्षा असते. या शाळा देशभरातल्या छावण्यांत आहेत, आपल्याकडे कामठीलाही आहे.

कुणीतरी म्हणेल, त्यापेक्षा बी.एड. करा. पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि तुमची अकरा पोरं कोणत्या वर्गातली आहेत? दुसरी-तिसरीतली, तुम्हीच लिहिलंय. नर्सिंगचाही विचार तुमच्या मनात असेल. नोकरीच्या दृष्टीने जी.एन.एम., म्हणजे नर्सिंगची पदविका, जास्त खात्रीचं आहे, हे लपवत नाही. पण तीन वर्षं आणि वॉर्डातल्या ड्युट्या, घरी पाच वर्षांचा मुलगा. तुम्हाला ते झेपेल असं मला वाटत नाही.

आता मुलगी. तिला पाचवी संपेपर्यंत गावातल्या शाळेतून हलवू नका. पाचवीत असताना तिला दोन परीक्षा देता येतात. एक नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेची. वर्ध्याचं नवोदय सेलूकाट्याला आहे, शिक्षण-राहणं-जेवण फुकट, बहुतेक जागा ग्रामीण मुलांना आणि किमान एक तृतीयांश मुलींना. पण पाचवी त्याच जिल्ह्यात शिकलेली असावी लागते, म्हणून म्हणते हलवू नका. दुसरी सैनिक शाळेची. चंद्रपूरची सैनिक शाळा 2019 पासून सुरू आहे, आता मुलींनाही प्रवेश आहे, आणि फौजींच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात. सहावीच्या प्रवेशाचा पेपर मराठीतून देता येतो. 300 पैकी 150 गुण एकट्या गणिताचे आहेत, तेव्हा तयारी कुठून सुरू करायची ते उघड आहे. सैनिक शाळेची फी मात्र जड आहे, शिष्यवृत्त्यांची चौकशी फॉर्म भरण्याआधी करा. दोन्हीकडे नाही झालं तर काही बिघडत नाही. ती तुमच्यासोबत येईल आणि केंद्रीय विद्यालयात जाईल, तिथे बदली झाली तरी पुस्तकं तीच राहतात. पहिले सहा महिने हिंदी-इंग्रजीत रडेल. मीही रडले होते.

आणि एक काम या सुट्टीत उरका. तुमचे हे सुट्टीवर आले की घर पाहुण्यांनी भरतं, मग पुरणपोळ्या, मग वावरातली कामं, आणि परतीच्या गाडीच्या आदल्या रात्री कागद आठवतात. पहिल्या दोन दिवसांतच बसा. दोन्ही मुलांची नावं आणि जन्मतारखा त्यांच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेतल्या कुटुंबाच्या नोंदीत आहेत का, आणि आधार, शाळेचा दाखला, जन्माचा दाखला या तिन्हींवर स्पेलिंगसकट तशाच आहेत का, हे मिळवून बघा. माझं नाव बाबांच्या रेकॉर्डमध्ये पाळण्यातलं लागलं होतं आणि शाळेत दुसरं. अकरावीत शिष्यवृत्ती अडली. बाबा सीमेवर, आणि आई एका कार्यालयात आठ महिने चकरा मारत होती. दरवेळी नवा कागद मागायचे. तुमच्या ह्यांचं महाराष्ट्राचं डोमिसाइलही, म्हणजे रहिवासाचा दाखला, काढून घ्या. मुलं उद्या बाहेरच्या राज्यात दहावी-बारावी झाली तरी इथल्या इंजिनिअरिंगच्या, फौजींच्या मुलांसाठी राखीव असलेल्या जागांसाठी ते लागेल.

डी.एल.एड.च्या प्रवेशाला बारावीला खुल्या प्रवर्गात 49.5 टक्के आणि राखीव प्रवर्गात 44.5 टक्के लागतात. तुम्ही पत्रात सगळ्यांची वयं लिहिली, वावर किती ते लिहिलं, मुलीचे तिमाहीचे गुणसुद्धा लिहिले. तुमचे बारावीचे टक्के मात्र कुठेच नाहीत. ती गुणपत्रिका शोधा आणि मला कळवा.