दोन नियुक्तिपत्रे, एक घर

दहावी-बारावीच्या निकालानंतर करिअर समुपदेशक म्हणून माझ्याकडे जशी पालकांची रीघ लागते, तशी अलीकडे ती नोकरभरतीच्या निवड याद्या लागल्यावरही लागू लागली आहे. परभणीत बसून मी जे ऐकते, ते थोड्याफार फरकाने एकच असते: ‘कायमची नोकरी दारात आली आहे, पण मन दुसरीकडे ओढते, ताई, काय करू?’ असेच एक प्रकरण, त्या तरुणाची संमती घेऊन आणि त्याची ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडते आहे.

जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यातला हा पंचवीस वर्षांचा मुलगा आयटीआयमधून वीजतंत्री झाला होता आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात त्याने वर्षभर शिकाऊ उमेदवारी केली होती. माझ्यासमोर त्याने प्लॅस्टिकच्या एकाच फोल्डरमधून दोन कागद काढले. एक महावितरणमधील विद्युत सहायकपदाचे, हिंगोली जिल्ह्यातल्या एका उपविभागाचे. दुसरे वाळूज भागातल्याच एका नव्या कारखान्याच्या देखभाल विभागाचे. पहिल्यावर रुजू होण्यासाठी थोडीच मुदत उरली होती आणि दुसऱ्याला चार दिवसांत होकार कळवायचा होता. सोबत वडील आणि चुलते होते. चुलत्यांनी बसता बसताच सांगून टाकले, “हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नये, एवढंच ह्याला समजावून सांगा.” वडील मात्र काही बोलले नाहीत.

अशा वेळी मी आधी मनाविषयी काहीच विचारत नाही, कागद वाचायला लावते. घरातल्या वादातली निम्मी वाक्ये न वाचलेल्या कागदावर उभी असतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. कारखान्याच्या पत्रावर वार्षिक ३,३६,००० रुपये लिहिले होते, आणि त्यावरून ‘पोराला महिन्याला अठ्ठावीस हजार’ ही बातमी गावभर झाली होती. आम्ही तो आकडा कागदावर उकलला. त्यातले १,८०० रुपये मालकाच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी होता आणि ७२१ रुपये ग्रॅच्युइटीची तरतूद. ही रक्कम दरमहा हातात पडणारी नव्हतीच. राहिलेल्या २५,४७९ रुपयांतून त्याच्या स्वतःच्या वाट्याचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० वजा जाता २३,४७९ उरत होते. बजाजनगरात तिघांत मिळून खोली, खानावळ, कपडालत्ता आणि महिन्याकाठी गावाकडची एक खेप असा खर्च त्याने स्वतःच साडेनऊ हजार धरला. घरी पाठवता येतील असे चौदा हजार उरले. विद्युत सहायकाचे मानधन या पगारापेक्षा बरेच कमी होते, पण नेमणुकीचे ठिकाण गावापासून दुचाकीवर तासाभराचे असल्याने घरचे जेवून, घरीच राहून, पेट्रोल वजा जाता उरणारी रक्कम जवळपास तेवढीच येत होती. तो त्या बेरजेकडे बराच वेळ पाहत राहिला.

मग दोन्ही पत्रांतल्या अटी पाहिल्या, आणि इथे दोन्ही बाजूंचा भ्रम फिटला. कारखान्याच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिले होते की ही नेमणूक एक वर्षाच्या निश्चित मुदतीची असून कामगिरी पाहून करार वाढवला जाईल. ते पान त्याने उघडलेच नव्हते. दुसरीकडे घरचे ज्याला ‘पर्मनंट’ म्हणत होते, ती विद्युत सहायकाची नेमणूकही पहिली तीन वर्षे कंत्राटी, ठरावीक मानधनावरची असते आणि ती समाधानकारक पार पडल्यावरच ‘तंत्रज्ञ’ म्हणून नियमित वेतनश्रेणी मिळते. चुलत्यांच्या बोलण्यात पेन्शनचा उल्लेख तीनदा आला होता, म्हणून तेही सांगावे लागले. महावितरण ही २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन झालेली, राज्य शासनाच्या मालकीची कंपनी आहे. तेथील कर्मचारी भविष्य निर्वाह निधीत येतो, जुन्या काळच्या तहसीलमधल्या कारकुनासारखी पेन्शन त्याला नसते. आणि १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत नव्याने लागलेल्यांनाही ती जुनी पेन्शन आपोआप लागू राहिलेली नाही. चुलते गप्प झाले. त्यांना खोटे पाडण्यात मला रस नव्हता. पण स्थैर्याच्या नावाखाली नक्की काय पदरात पडणार आहे, हे ठाऊक नसताना मुलाने त्यासाठी स्वतःला बांधून घ्यावे, हे मला मान्य होण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या भेटीला तो एकटा आला. मी त्याला दोन्ही कामांविषयी बोलायला सांगितले आणि फक्त ऐकत राहिले. महावितरणविषयी तो जे बोलला ते सगळे दुसऱ्यांचे शब्द होते: मामा असे म्हणतात, स्थळे येतील असे आई म्हणते. वाळूजविषयी बोलताना तो खुर्चीत पुढे सरकला. शिकाऊ असताना एकदा रात्रपाळीत दोन वाजता एक लाइन बंद पडली होती, चौदा कामगार हात बांधून उभे होते आणि पॅनेलवर एकच अलार्म लागून राहिला होता. इंजिनिअरने लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवून ‘लॅडर वाच आणि कोणता इनपुट येत नाही ते सांग’ म्हटले. लॅडर म्हणजे यंत्र चालवणारा, शिडीसारखा ओळीओळीने आखलेला प्रोग्राम. त्याने एक एक ओळ तपासत प्रॉक्सिमिटी सेन्सरपर्यंत माग काढला. केबल ट्रेच्या कडेला घासून वायरचे आवरण सोलले गेले होते. “ताई, मी नुसती वायर जोडली, पण ती कुठं तुटलीय हे मी बसल्या जागी शोधलं होतं,” असे तो म्हणाला. ‘ग्रोथ’ हा शब्द तो पहिल्या भेटीत सारखा वापरत होता. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

मी त्याला आणखी एक प्रश्न सरळ विचारला, कारण तो घरात कोणी विचारलेला नव्हता. खांबावर चढायची भीती वाटते का? तो थांबून म्हणाला, “कोरड्यात नाही. पावसात वाटते.” हे उत्तर मला प्रामाणिक वाटले. ज्याला भीती वाटते तो लाइन बंद असल्याची खात्री केल्याशिवाय आणि अर्थिंग केल्याशिवाय हात लावणार नाही, आणि या कामात तेच हवे असते, असे मी त्याला सांगितले. पण त्याचबरोबर, ही भीती वाढत गेली तर ती लपवून नोकरी करायची नाही, असे वचनही घेतले.

त्यानंतर त्याला एक काम दिले. दोन्हीकडे आठ-दहा वर्षे काढलेल्या एकेका माणसाला गाठायचे आणि पगार न विचारता, कालचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा गेला एवढेच विचारायचे. यासाठी वेळ हवा होता, म्हणून त्याने कारखान्याला ई-मेल लिहून पंधरा दिवस मागितले. मुदत मागितली तर नोकरी जाईल या धास्तीने आपली मुले ती मागतच नाहीत. त्याला दहा दिवस मिळाले.

तो परत आला तेव्हा त्याची दोन्ही चित्रे बदललेली होती. ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रावर भेटलेला तंत्रज्ञ कुढत बसलेला असेल अशी त्याची समजूत होती; प्रत्यक्षात तो माणूस बारा गावांतली एकेक डीपी (वितरण रोहित्र) नावानिशी ओळखत होता, नोकरी सांभाळून पदविका पूर्ण करून पुढच्या पदाच्या अंतर्गत भरतीची वाट पाहत होता. मात्र ‘नवीन यंत्र शेवटचे कधी उघडले’ या प्रश्नावर त्याला आठवावे लागले. वाळूजच्या माणसाने आठ वर्षांत तीन कारखाने बदलले होते, २०२० च्या टाळेबंदीत चार महिने गावी बसून काढले होते, आणि आज तो सुरुवातीच्या तिप्पट पगारावर होता. पण अजूनही दर मार्चमध्ये त्याच्या पोटात गोळा येतो, असे त्याने कबूल केले. स्थिर म्हटलेल्या नोकरीत वाढीची वाट होती आणि वाढीच्या नोकरीतला माणूस आपल्या हातातल्या कामाच्या जोरावर पुन्हा पुन्हा उभा राहिला होता. दोन पारड्यांचा तराजू इथे उपयोगी पडत नाही, हे त्याचे त्यालाच उमगले.

राहिला होता बापाचा प्रश्न. तिसऱ्या भेटीला मी वडिलांना एकट्याला आत बोलावले. चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर, सोसायटीचे कर्ज, धाकटी मुलगी बी.एस्सी.ला. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, त्याच वर्षी यांनी बैलजोडी विकली होती. पण त्यांची खरी जखम त्याहून जुनी निघाली. तरुणपणी ते एका जिनिंगमध्ये कामाला होते, आठ हंगाम. “दिवाळी झाली अन् कामाला गेलो, तर गेटला कुलूप. हिशेब आजून यायचाय,” ते म्हणाले, आणि मग थोड्या वेळाने, “मॅडम, मला त्याचा पगार मोजायचा न्हाई. सकाळी गेल्यावर गेट उघडं असलं पाहिजे, एवढंच.”

हे वाक्य मी त्यांच्याच तोंडून मुलाला ऐकवले. आपला बाप आपल्या स्वप्नाच्या आड येतो आहे, असे समजून मुलगा दोन महिने धड बोलत नव्हता. बाप स्वतःच्या कुलपाविषयी बोलतो आहे, हे त्याला प्रथमच कळत होते. मी मुलालाही त्या सेन्सरची गोष्ट वडिलांना सांगायला लावली. वडिलांना लॅडर कळली नाही, पण ती सांगताना मुलाचे हात कसे चालत होते, ते त्यांनी पाहिले.

निर्णय त्यानेच घेतला. त्याने अर्ज भरलेल्या जाहिरातीत खुल्या गटासाठी कमाल वय २७ होते, आणि जाहिरातीपासून नियुक्तीपर्यंत किती काळ जातो हे त्याने स्वतः भोगले होते. कारखान्याचे दार अठ्ठाविसाव्या वर्षीही ठोठावता येईल, हे दार मग उघडणार नाही, असा विचार करून तो महावितरणमध्ये रुजू झाला. घरात सहा महिन्यांचा खर्च शिल्लक असता आणि डोक्यावर कर्ज नसते, तर मी त्याला उलट बाजूनेही तितक्याच जोराने विचार करायला लावले असते. अशा स्थितीतल्या दोन मुलींना मी तसे लावलेही आहे. त्याची अडचण वेगळी होती: तीन वर्षे पॅनेलला हात लागला नाही तर शिकलेले गंजणार. हे नुकसान खरे आहे, आणि ते झाकून ‘चांगले झाले’ असे म्हणणे मला जमले नाही. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांतले अल्प मुदतीचे अभ्यासक्रम आम्ही पाहून ठेवले, आणि मानधनाची तिन्ही वर्षे संपताना पुन्हा भेटायचे ठरवले. कारखान्याला त्याने आभाराचा ई-मेल लिहिला. नकार कळवतानाही माणूस लक्षात राहतो.

आठ महिन्यांनी त्याचा फोन आला. अवकाळी पावसात पहिल्यांदा खांबावर चढलो, पाय थरथरले, पण लाइन बंद केल्याचे परमिट हातात घेतल्याशिवाय चढलो नाही, असे त्याने सांगितले. मग त्याने एक फोटो पाठवला. संभाजीनगरहून त्याने जुना, वापरलेला छोटा पीएलसी, म्हणजे लॅडरवर चालणारा यंत्रनियंत्रक, आणला होता आणि तो लाकडी फळीवर चार बल्बांसह बसवून घरातल्या खुंटीला टांगला होता. शेतीची वीज आठवडाभर रात्रीची असते तेव्हा वडील दोन वाजता उठून विहिरीवर जातात. थ्री फेज आली की मोटार सुरू व्हावी आणि ठिबकचे दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने उघडावेत, अशी लॅडर तो लिहितो आहे. अजून दुसरा व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही, म्हणाला. फोन ठेवण्याआधी वडिलांनी तो मागून घेतला आणि मला विचारले, “मॅडम, त्या कारखान्याचं पत्र मी सातबाराच्या पिशवीत ठिवलंय. ते राहू द्यावं ना?” मी म्हटले, राहू द्या.