व्हॅलिडेटर नोडचे पासवर्ड, कमांड आणि चोवीस शब्द कुठे लिहून ठेवायचे? गूगल कीप चालेल का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात घरीच मिनी पीसीवर इथेरियमचा व्हॅलिडेटर (इथर तारण ठेवून नेटवर्कच्या ब्लॉकवर सही आणि मत देणारा प्रोग्रॅम) लावताय आणि पासवर्ड, कमांड, चोवीस शब्द (ज्यांच्यावरून की परत बनवता येतात ती सीड फ्रेज) अशा सगळ्या नोट्स गूगल कीपमध्ये टाकल्या तर चालेल का. मी पण कोथरूडला घरीच नोड (नेटवर्कला जोडलेलं असं मशीन) चालवतो म्हणून सांगतो. कमांडसाठी चालेल, बाकी कशासाठीही नाही. पण ॲप कुठलं हा प्रश्न खरं तर दुसऱ्या नंबरचा आहे.

लोक काय करतात, सगळ्याला सारखंच गुपित समजतात आणि सगळ्याचे भरपूर बॅकअप घेतात. बँकेच्या पासवर्डला ते ठीक आहे. व्हॅलिडेटर जिने सही करतो त्या सायनिंग कीला तेच अंगाशी येतं, कारण इथे की चोरीला जाण्यापेक्षा ती एकाच वेळी दोन मशीनवर चालू होण्याची भीती जास्त. एकाच स्लॉटला (एका ब्लॉकच्या ठरलेल्या वेळेला) दोन वेगळे ब्लॉक किंवा दोन उलटसुलट मतं सही झाली की स्लॅशिंग, म्हणजे तारणातून दंड आणि हकालपट्टी. मे २०२५ च्या इथेरियमच्या पेक्ट्रा अपग्रेडनंतर सुरुवातीचा दंड खूप कमी केलाय (आधी बॅलन्सच्या १/३२ होता, म्हणजे ३२ मधला एक इथर, आता १/४०९६), पण व्हॅलिडेटर सक्तीने बाहेर काढला जातो आणि पैसे साधारण ३६ दिवस अडकतात, ते आहेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका स्टेकिंग कंपनीचे ७५ व्हॅलिडेटर असेच एका झटक्यात गेले होते, त्यामुळे हे फक्त नवशिक्यांचं होतं असं समजू नका.

आता पुण्यात हे कसं होईल ते बघा. गुरुवारी मेंटेनन्सला लाइट गेली, यूपीएस संपला, तुम्ही ऑफिसात. तुम्हाला वाटतं चला बॅकअपमधला कीस्टोअर (की ठेवलेली फाइल) लॅपटॉपवर टाकून हॉटस्पॉटवर चालू करू. केलं. तासाभराने लाइट आली, घरचा मिनी पीसी आपोआप बूट झाला, सर्व्हिस आपोआप सुरू झाली आणि झालं कल्याण. आणि हे सगळं कशासाठी, तर बंद असताना साधारण तेवढंच कापलं जातं जेवढं तेवढ्या वेळात कमावलं असतं, म्हणजे दोन तास बंद तर पुढच्या दोन-अडीच तासात भरपाई. त्यासाठी डोक्याला शॉट कशाला?

म्हणून माझ्या नोट्समध्ये सगळ्यात वर पासवर्ड नाही, एक ओळ आहे: ही की आत्ता कुठल्या मशीनवर चालू आहे, कधीपासून, आणि जुन्या मशीनवरून डिलीट केली का. मशीन बदललं की आधी ही ओळ बदलायची, मग हात लावायचा. त्याच्याखाली लिहिलंय की हलवायची असेल तर जुनं बंद करून स्लॅशिंग प्रोटेक्शनची फाइल (आधी कशावर सही केली त्याची नोंद) एक्सपोर्ट करायची, नवीनवर इम्पोर्ट करायची आणि डॉपेलगँगर प्रोटेक्शन चालू ठेवूनच सुरू करायचं. ते दोन-तीन इपॉक थांबून बघतं की हीच की अजून कुठे बोलतीये का, एक इपॉक म्हणजे ६.४ मिनिटं, तेवढा धीर धरा की. कीस्टोअर फाइलचे पेनड्राइव्हवर पाच-पाच बॅकअप ठेवूच नका, चोवीस शब्दांवरून ती परत बनवता येते.

चोवीस शब्दांचं जरा नीट समजून घ्या, कारण तुमच्याकडे बहुतेक दोन सेट असतील. एक व्हॅलिडेटर कीचा, दुसरा ज्या वॉलेटच्या पत्त्यावर विड्रॉल येणार त्याचा. तो पत्ता एकदा सेट झाला की बदलत नाही, त्यामुळे खरे पैसे दुसऱ्या सेटमागे आहेत. पहिल्या सेटवाल्या चोराला पैसे काढता येत नाहीत, पण स्लॅश करायची धमकी देता येते. दोन्ही कागदांवर कुठला कशाचा ते लिहा (पैसे, व्हॅलिडेटर असले शब्द नको, तुम्हाला कळेल अशी खूण पुरे), आणि दोन्ही एका कपाटात नको. आणि पहिल्यासोबत हेही लिहा की कितव्या इंडेक्सपर्यंत (त्याच शब्दांतून बनणाऱ्या कींचा क्रमांक) की बनवल्यात. पुढे दुसरा व्हॅलिडेटर वाढवताना सुरुवातीचा इंडेक्स चुकला तर तीच जुनी की परत तयार होते, आणि ती दुसऱ्या मशीनवर चालू केली तर वरचाच तमाशा.

हे शब्द कधीच टाइप करायचे नाहीत (ऑफलाइन मशीनवर की बनवताना सोडून), फोटो काढायचा नाही कारण तो गुपचूप क्लाउडवर जातो, आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणारे महाभाग पण मी पाहिलेत. पावसाळ्यात कागद दमट होतो म्हणून स्टीलची पट्टी बरी. रविवार पेठेत बोहरी आळीत अक्षरांचे पंच मिळतात, हातोडी घ्या आणि स्वतः ठोका. हे शब्द ज्या ठरलेल्या यादीतून येतात तिच्यातल्या २०४८ शब्दांची पहिली चार अक्षरं वेगवेगळीच असतात, त्यामुळे शब्दाची चारच अक्षरं पुरतात. तुळशीबागेत भांड्यावर नाव घालून घेतात तसं दुकानदाराकडून मात्र घालून घेऊ नका, प्लीज.

पासवर्डसाठी कीपासएक्ससी हा पासवर्ड मॅनेजर. फुकट आहे, फाइल तुमच्याकडेच राहते, कॉपी केलेला पासवर्ड थोड्या सेकंदात क्लिपबोर्डवरून पुसतो. ऑनलाइन मॅनेजर वाईटच असं नाही, पण २०२२ मध्ये लास्टपासवरून ग्राहकांच्या व्हॉल्टच्या एन्क्रिप्टेड प्रती चोरीला गेल्या होत्या, आणि अशी प्रत एकदा चोराच्या हातात गेली की तो निवांत बसून मास्टर पासवर्ड फोडत बसू शकतो. तिथे सीड फ्रेज ठेवणं नकोच.

कमांडच्या नोट्स साध्या मार्कडाउन फाइलमध्ये, कुठेही. नियम एकच, त्यात खरा पासवर्ड कधी नाही, त्या जागी कीपासमधल्या एंट्रीचं नाव. उबंटूवर कमांडच्या आधी एक स्पेस दिली की ती हिस्टरीत जात नाही, ते पण लक्षात ठेवा. जेडब्ल्यूटी सिक्रेटचा (नोडमधले दोन प्रोग्रॅम एकमेकांना ओळखायला वापरतात ती किल्ली) बॅकअप घेत बसू नका, गेला तर नवीन बनतो. फी रिसिपियंटचा (व्यवहारांची फी जिथे जमा होते तो) पत्ता काही गुपित नाही, तो चेनवर सगळ्यांना दिसतोच. मात्र घरचा आयपी, व्हॅलिडेटर नंबर आणि तुमचं नाव हे तिन्ही एकत्र एखाद्या पब्लिक रेपोमध्ये (इंटरनेटवर सगळ्यांना दिसणाऱ्या फाइलींच्या फोल्डरमध्ये) जाऊ देऊ नका.

रिवॉर्डची तारीख आणि त्या दिवसाचा रुपयातला भाव वेगळ्या शीटमध्ये ठेवा, मार्चनंतर सीए तेच मागतो.

आणि एक पान छापून घरच्यांसाठी, मराठीत. माझ्याकडे ते राउटरशेजारी चिकटवलंय: डबा बंद पडला तर पडू दे, काही बुडत नाही, कुणी फोन करून शब्द मागितले तर फोन ठेवून द्यायचा, मला काही झालं तर या मित्राला बोलवायचं पण लॉकर त्याच्यासमोर उघडायचा नाही.