पोर्तुगीजमध्ये 'एस्क्रितो'चं 'एस्क्रिता' कधी होतं?

तुम्ही विचारलंय की 'लिहिलेलं' याला अ‍ॅप एकदा 'एस्क्रितो' दाखवतं आणि एकदा 'एस्क्रिता', नेमकं कुठे काय लावायचं. (स्पेलिंगप्रमाणे लिहितोय, बोलताना शेवटचा ओ बराचसा उ होतो.)

पार्टिसिपलच्या, म्हणजे 'लिहिलेलं', 'बंद केलेलं' अशा क्रियापदाच्या रूपाच्या, आधी सहायक क्रियापद कुठलं बसलंय ते आधी बघा. 'तेर' (मूळ अर्थ 'जवळ असणं') असेल, म्हणजे त्याची तेन्यो, तिन्या वगैरे रूपं, तर पार्टिसिपल ढिम्म हलत नाही, कर्ता बाई असो नाहीतर कर्म अनेकवचनी असो, शेवटी ओ म्हणजे ओ. 'सेर' किंवा 'एस्तार' (दोन्ही म्हणजे 'असणं') असेल तर पार्टिसिपल विशेषणासारखं वागतं आणि कर्त्याचं लिंग-वचन घेतं.

आपली मराठी लोकांची गोची पहिल्या प्रकारात होते, कारण आपण 'मी चिठ्ठी लिहिली होती', 'मी लेख लिहिला होता' असं कर्माकडे बघून क्रियापद फिरवतो आणि ती सवय इतकी मुरलेली असते की 'तिन्या एस्क्रिता आ कार्ता' तोंडातून आपसूक निघतं. तिथे 'तिन्या एस्क्रितो आ कार्ता'च हवं. चिठ्ठी लिहिली गेली म्हणायचं असेल तर मात्र 'आ कार्ता फोय एस्क्रिता' (फोय हे सेरचंच रूप), आणि दारं बंद आहेत तर 'आस पोर्तास एस्तांव फेशादास'.

आता मजा बघा, 'तेन्यो आ कार्ता एस्क्रिता' हेही बरोबर आहे! इथे तेर सहायक नाहीये, 'माझ्याकडे आहे' या मूळ अर्थाने आलंय, म्हणजे चिठ्ठी लिहून ठेवलीय, तयार आहे. आणि 'तेन्यो एस्क्रितो कार्तास' म्हणजे हल्ली मी पत्रं लिहीत असतो, वारंवार. इंग्रजीच्या प्रेझेंट परफेक्टवर विसंबून 'मी पत्रं लिहिली आहेत' असा अर्थ लावू नका, बहुतेकजण तिथेच आपटतात.

शिवाय काही क्रियापदांना दोन-दोन पार्टिसिपल असतात. दिवा लावला होता तर 'तिन्या आसेंदीदो आ लूस', दिवा चालू आहे तर 'आ लूस एस्ता आसेझा'. लांब रूप तेरबरोबर, आखूड रूप सेर-एस्तारबरोबर, हा पुस्तकातला नियम, पण पैसे भरण्याच्या 'पागार'मध्ये लोक तेरबरोबरही सर्रास आखूड 'पागो'च म्हणतात, 'पागादो' आता क्वचितच ऐकू येतं. 'स्वीकारलेलं'चं आखूड रूप तर देशाप्रमाणे बदलतं, पोर्तुगालमध्ये 'आसेइते', जे स्त्रीलिंगातही तसंच राहतं, आणि ब्राझीलमध्ये 'आसेइतो, आसेइता'. तुमचं अ‍ॅप बहुतेक ब्राझीलचं शिकवत असेल, सेटिंगमध्ये एकदा बघून घ्या.