खोक्यावरचे मीटर आणि अंगणातला नेम
वाचकांचे प्रश्न

प्रश्न (म्हापसा) : माझा मुलगा आणि पुतण्या दोघेही दहा वर्षांचे आहेत. चवथीच्या सुट्टीत ते घरी एकत्र खेळतील म्हणून दोघांना फोमचे डार्ट उडवणारा एकेक ब्लास्टर (खेळण्यातली बंदूक) घ्यायचा विचार आहे. दुकानात दोन प्रकार दाखवले : एक हाताने ओढून स्प्रिंग ताणायचा आणि दुसरा बॅटरीवर चालणारा. पहिल्याच्या खोक्यावर ‘२७ मीटरपर्यंत’ असे छापलेले आहे. हे अंतर खरे धरावे का? आणि दोहोंतला चांगला कोणता, हे घरच्या घरी कसे पारखावे?

उत्तर : ते अंतर खोटे नसते, परंतु तुमच्या मुलांच्या खेळाला त्याचा काही उपयोग नाही. नळी बरीच वर रोखून, वारा पडलेला असताना एखादा डार्ट जास्तीत जास्त जेथवर जाऊन पडेल, तेथवरचा तो आकडा असतो. मुले मात्र समोरच्या डब्यावर किंवा एकमेकांवर आडवा नेम धरतात. नर्फ या खेळण्यांच्या कंपनीच्या एलिट प्रकारच्या ब्लास्टरमधून डार्ट सेकंदाला सुमारे २१ मीटर वेगाने निघतो. सव्वा मीटर उंचीवरून आडवा सोडलेला डार्ट अर्ध्या सेकंदात जमिनीला टेकतो, म्हणजे हवेचा अडथळा अजिबात नसता तरी तो साडेदहा मीटरच्या पुढे जाणार नाही. प्रत्यक्षात अडथळा मोठा असतो, कारण जेमतेम १ ग्रॅम वजनाचा आणि १३ मिलिमीटर जाडीचा हा फोमचा तुकडा हवेत फार लवकर मंदावतो. म्हणून तुलना करायची ती पाच ते सात मीटरांवर, जेथे मुले खरोखर खेळणार आहेत तेथे.

दोन्ही ब्लास्टर कसे चालतात हे कळले, तर पारखणे सोपे जाते. कळकाच्या पोकळ नळीत दोन्ही टोकांना हिरवी फळे घट्ट बसवून मागून दांडा रेटला की पुढचे फळ फट्‌कन उडते, हा खेळ आपल्याकडच्या जुन्या पिढीने खेळलेला आहे. स्प्रिंगच्या ब्लास्टरमध्येही हेच घडते : चाप ओढला की ताणलेली स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते आणि दाबली गेलेली हवा डार्टला बाहेर फेकते. बॅटरीच्या ब्लास्टरमध्ये हवेचे काम नसते. तेथे समोरासमोर उलट दिशांनी फिरणारी दोन चाके डार्टला चिमटीत धरून पुढे भिरकावतात. साहजिकच त्याचा वेग सेलच्या जोरावर अवलंबून राहतो, आणि चाके पुरती वेगात येण्याआधी चाप ओढला तर डार्ट जवळच पडतो. तपासणी करताना सेल नवे घालावेत आणि मोटरचा आवाज चढत जाऊन एका सुरावर स्थिरावला की मगच चाप ओढावा. हे न केल्यास बॅटरीच्या ब्लास्टरवर अन्याय होईल.

सर्वांत मोठी गफलत होते ती डार्टमुळे. नव्या ब्लास्टरबरोबर आलेले कोरे डार्ट आणि दुसऱ्याचे वापरून चेपलेले डार्ट अशी तुलना केली, तर आपण ब्लास्टर पारखत नसून डार्ट पारखत असतो. दोघांतही तेच डार्ट, त्याच क्रमाने वापरावेत. भिंतीला काळा पुठ्ठा लावून मध्यभागी खूण करावी आणि डार्टच्या रबरी टोकाला खडूची ओली पूड बोटाने लावावी. पुठ्ठ्यावर जेथे टोक आदळेल तेथे पांढरा ठिपका उमटतो. हात हलू नये म्हणून ब्लास्टर स्टुलावर टेकवून प्रत्येकाने दहा डार्ट सोडावेत. मग ठिपके खुणेपासून किती दूर आहेत, यापेक्षा ते आपसांत किती विखुरले आहेत, ते पाहावे. सगळे ठिपके डावीकडे पण एका तळहाताएवढ्या जागेत पडले असतील, तर तो ब्लास्टर उत्तम आहे. मूल दोनचार वेळांत नेम उजवीकडे सरकवायला आपोआप शिकते. ठिपके चारी दिशांना पसरले असतील, तर मात्र कितीही सराव केला तरी उपयोग नाही.

वेग मोजायची हौस असेल तर मोबाइल पुरतो. नळीच्या टोकापासून बरोबर ३ मीटरांवर स्टीलचे ताट उभे करावे, फोन नळीजवळ ठेवून आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि आवाजाची आलेखरेषा दाखवणाऱ्या ॲपमध्ये तो उघडावा. डार्ट सुटल्याचा आणि ताट वाजल्याचा, असे दोन उंचवटे दिसतात. ताटाचा आवाज फोनपर्यंत यायला सेकंदाचे सुमारे ९ सहस्रांश लागतात, तेवढे मधल्या वेळातून वजा करून ३ मीटरला त्या वेळेने भागावे. वजाबाकी करून ०.१५ सेकंद उरले, तर सरासरी वेग सेकंदाला २० मीटर. मला स्वतःला या आकड्यापेक्षा लागोपाठच्या आकड्यांतला सारखेपणा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण दर वेळी निराळा वेग देणाऱ्या ब्लास्टरने नेम कधीच बसत नाही.

दहा वर्षांच्या मुलांसाठी माझा कौल स्प्रिंगच्या ब्लास्टरला आहे. प्रत्येक डार्टनंतर स्प्रिंग ओढावी लागत असल्यामुळे मूल थांबते, पाहते आणि नेम धरते. बॅटरीच्या ब्लास्टरमध्ये मॅगझिन (डार्ट भरायची पेटी) भराभर रिकामे करण्याकडे कल जातो, शिवाय चाकांत सापडून डार्ट लवकर झिजतात. दुपारच्या वेळी बाल्कांवात (ओसरीवर) निजलेल्या वडीलधाऱ्यांचाही विचार करावा. फक्त खरेदीपूर्वी मुलाला दुकानातच स्प्रिंग आठदहा वेळा ओढायला लावावी. काहींची ओढ इतकी घट्ट असते की लहान हातांना ती पेलत नाही.

प्रश्न (डिचोली) : आमच्या मुलीचा ब्लास्टर उन्हाळ्यात छान चालत होता. पावसाळा सुरू झाल्यापासून डार्ट वाकडे जातात. ब्लास्टर बिघडला असेल का?

उत्तर : आधी डार्ट तपासा. प्रत्येक डार्ट काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर हलकेच घरंगळवा. जो डुगडुगत जातो तो वाकलेला आहे, त्याला बाजूला काढा. टोक सैल झालेले आणि चिखल लागलेले डार्टही काढा. टोकाचे वजन पुढे असल्यामुळेच डार्ट सरळ जातो, ते हलले की तो भरकटणारच. मॅगझिन आठवडेच्या आठवडे भरलेले ठेवू नये, कारण आतले डार्ट चेपतात, आणि स्प्रिंगही ताणलेली ठेवू नये. बॅटरीचा ब्लास्टर असल्यास खेळ संपल्यावर सेल काढून ठेवावेत, नाहीतर आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत सेलना टेकणाऱ्या पत्र्यांवर हिरवा थर चढतो. आत खोबरेल किंवा शिलाई यंत्राचे तेल मुळीच घालू नये, काही प्लॅस्टिक आणि रबर त्याने खराब होतात. थोडे सिलिकॉन ग्रीस चालते.

प्रश्न (फोंडा) : जत्रेत स्वस्तातले, कोणतीही खूण नसलेले ब्लास्टर मिळतात. वाड्यावरची मोठी मुले तर आतली स्प्रिंग बदलून जास्त जोराची बसवतात. फोमच तर आहे, असे ती म्हणतात. काळजी करावी का?

उत्तर : अवश्य करावी. फोम मऊ असला तरी डोळा त्याहून फार नाजूक आहे. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातील डॉक्टरांनी २०१७ साली अशा डार्टचा मार लागून डोळ्याच्या आत रक्तस्राव झालेल्या तीन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती, आणि त्यांतला एक ११ वर्षांचा मुलगा होता.

१ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. खोक्यावर त्या चिन्हाबरोबर ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर घालून पाहता येतो. ज्या खेळण्यावर हे नाही, ते जत्रेतून आणू नये.

स्प्रिंग बदलण्याविषयी : आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २१ मीटर वेगाच्या १ ग्रॅम डार्टची ऊर्जा सुमारे ०.२२ ज्यूल असते. वेग दुप्पट केला की ती चौपट होते, आणि त्याच मऊ टोकाखाली तो चौपट मार लपलेला असतो. नर्फने स्वतःच सेकंदाला ३० मीटर वेगाने गोळे फेकणारी रायव्हल ही मालिका १४ वर्षांवरील मुलांसाठी ठेवली आहे, यावरून अंदाज यावा. बदललेले ब्लास्टर लहान मुलांच्या खेळात मुळीच येऊ देऊ नयेत. खेळणाऱ्या प्रत्येकाने, अगदी बाजूला उभे राहून पाहणाऱ्यानेही, पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा घालावा. साध्या काचेचा किंवा उन्हाचा चष्मा चालत नाही. एवढे करूनही डोळ्याला मार लागला, तर डोळा चोळू नये, आणि दुखणे थांबले तरी किंवा धूसर दिसणे कमी झाले तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.