पशुवैद्यांना विचारा : कुत्र्याची शेपटी अचानक लुळी पडली तर

प्रश्न : आमचा लॅब्रॅडोर तीन वर्षांचा आहे, वजन ३२ किलो. रविवारी मित्राच्या शेततळ्यात तासाभराहून अधिक पोहला. सोमवारी सकाळी पाहतो तर शेपटी बुडापासून लोंबत होती. हलवत नाही, टेकून बसत नाही, बुडाशी हात लावला की ओरडतो. जेवण आणि चालणे ठीक आहे. शेपटी मोडली असेल का? की लकवा? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आदल्या दिवशी भरपूर पोहणे, रात्री ठीक असणे आणि सकाळी शेपटी लुळी दिसणे, हा क्रम पाहता शेपटीच्या स्नायूंना ताण बसला असण्याची शक्यता सर्वांत जास्त वाटते. याला पशुवैद्य ‘लिंबर टेल’ म्हणतात. पोहताना कुत्रा दिशा आणि तोल सांभाळण्यासाठी शेपटी सतत वापरतो. सवय नसताना गड चढला की दुसऱ्या दिवशी आपल्या पोटऱ्या भरून येतात, तसेच शेपटीच्या बुडाशी असलेल्या स्नायूंचे होते. त्यांना सूज येते आणि शेपटी उचलणेच दुखू लागते. पाणी थंड असेल तर त्रासाची शक्यता वाढते. एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ब्रिटनमधील लॅब्रॅडोरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोहणाऱ्या, शिकारीच्या कामावर असणाऱ्या आणि उत्तरेकडच्या थंड भागात राहणाऱ्या कुत्र्यांत हा त्रास जास्त असल्याचे त्यात दिसले.

शेपटी कशी लोंबते तेही पाहा. काही कुत्र्यांची शेपटी सुरुवातीला तीन-चार बोटे आडवी राहते आणि मग एकदम खाली पडते. काहींची बुडापासूनच सरळ लोंबते. बुडावरचे केस उभे राहिलेले दिसले तर ते आतल्या सुजेमुळे असते. दुखणेही याच भागात असते. मणका मोडला असेल तर बहुधा एखाद्या ठरावीक जागी वाक, गाठ किंवा सूज हाताला लागते. शेपटी वर उचलून किंवा ओढून मात्र पाहू नका. बोटे फक्त वरून हलकेच फिरवा आणि त्याने मान वळवली की थांबा. एरवी गरीब असलेला कुत्राही दुखताना चावू शकतो.

एक-दोन दिवसांत पशुवैद्यांना दाखवाच, कारण खात्री तपासणीनेच होते. गरज वाटल्यास ते एक्स-रे काढतील. लिंबर टेलमध्ये हाडे व्यवस्थित दिसतात.

तोपर्यंत आणि त्यानंतरही खरे औषध विश्रांती हेच आहे. निदान आठवडाभर चेंडू, पळापळ, जिना, सोफ्यावरच्या उड्या आणि पोहणे पूर्ण बंद ठेवा. शी-शूसाठी साखळी लावून पाच-दहा मिनिटे बाहेर न्या आणि परत आणा. नुसत्या फरशीवर झोपू देऊ नका. जाड गोधडीची दुहेरी घडी अंथरा. दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटे शेपटीच्या बुडाशी शेक द्या. टॉवेल कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा आणि मगच ठेवा. गरम पाण्याची पिशवी थेट टेकवू नका, कारण दुखणाऱ्या कुत्र्याला चटकन बाजूला होता येत नाही आणि कातडी भाजते. शेक झाल्यावर केस कोरडे करा.

एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होते. शेपटी उचलता येत नसल्याने शी करताना ती केसांना आणि शेपटीखाली लागते. प्रत्येक वेळी कोमट पाण्याने धुऊन पुसून घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत तिथे माश्या बसायला वेळ लागत नाही आणि कातडी चिघळलेली असेल तर अळ्या पडतात. कुंथताना दुखते म्हणून काही कुत्री शी रोखून धरतात. जेवणात दोन-तीन मोठे चमचे उकडलेला लाल भोपळा कुस्करून घाला, मीठ-मसाला न घालता. पाणीही भरपूर पिऊ द्या.

दोन-तीन दिवसांत शेपटी थोडी हलू लागते. बहुतेक कुत्री आठवड्याभरात पूर्ववत होतात, काहींना दोन आठवडे लागतात. तीन दिवसांत काहीच फरक दिसला नाही तर पुन्हा दाखवा.

आणि हे मात्र उद्यावर टाकू नका : लघवी आपोआप गळणे किंवा तुंबणे, शी आवरता न येणे, मागचे पाय लटपटणे, शेपटी दारात चेंगरणे किंवा कुणी जोरात ओढणे. शेपटीला जोराचा हिसका बसला की मूत्राशय आणि गुदद्वाराकडे जाणाऱ्या नसाही दुखावू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात दवाखाना गाठा.

प्रश्न : दुखणे कमी व्हावे म्हणून आमच्या घरातली अंगदुखीची गोळी अर्धी करून दिली तर चालेल का? बाम किंवा हळद-तेल? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गोळी नको, अर्धी नको, पावही नको. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलचा डोस चुकला तर यकृतावर बेतते. पशुवैद्य वेदनाशामक देतात ते वजनावर हिशेब करून. मेलॉक्सिकॅम हे औषध कुत्र्यांनाही देतात, पण पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि पुढे रोज ०.१ मिलिग्रॅम, एवढेच. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला पुढच्या दिवसांत रोज १ मिलिग्रॅम. माणसांची एक गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची असते! हा हिशेब समजावा म्हणून दिला आहे, घरी औषध सुरू करण्यासाठी नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या किंवा स्टेरॉइड चालू असलेल्या कुत्र्याला हे औषध धोक्याचे आहे. पशुवैद्यांनी दिले असेल तर जेवणानंतर द्या. उलटी, काळी शी किंवा अन्नावरची वासना जाणे यांपैकी काहीही दिसले तर औषध थांबवून त्यांना फोन करा.

बामही लावू नका. त्यातला कापूर आणि सॅलिसिलेट कुत्रा चाटून पोटात घेतो. हळद-तेलाने इजा होणार नाही, पण चोळताना दुखरा स्नायू आणखी दुखावतो. शेक पुरेसा आहे.

प्रश्न : आमची गावठी कुत्री पाण्यात जात नाही. एरवी पाठीवर वळलेली शेपटी चार दिवसांपासून खाली आहे. बूड जमिनीला घासते, सारखी मागे चाटते. – एक वाचक, सातारा

उत्तर : हे लक्षण वेगळे आहे. घासणे आणि चाटणे असेल तर पहिला संशय गुदग्रंथींचा. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातल्या चार आणि आठच्या जागी, या छोट्या पिशव्या असतात. त्या तुंबल्या की दुखतात, पू झाला की फुटतात. त्या घरी दाबू नका, पशुवैद्यांकडून रिकाम्या करून घ्या. केस बाजूला करून चाव्याची खूणही शोधा. कुत्र्यांच्या भांडणात शेपटीच्या बुडाशी दात लागतो, भोक बारीक असते आणि आत पू साठतो. रेबीजची लस झाली नसेल आणि चाव्याची शंका असेल तर उघड्या हाताने जखम हाताळू नका. तिचे खाणे-गिळणे बदलले, लाळ गळू लागली किंवा पाय लटपटू लागले तर तिच्यापासून दूर राहून लगेच पशुवैद्यांना कळवा. भीतीने शेपटी पोटाखाली जाते, पण बोलावल्यावर, खाऊ दिसल्यावर वर येते. दुखणारी शेपटी येत नाही.

प्रश्न : बरे झाल्यावर पुन्हा पोहायला कधी न्यावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : शेपटी पूर्ण हलू लागल्यावर आणखी एक आठवडा थांबा. पहिले काही दिवस पंधरा-वीस मिनिटे चालवा. मग पाच मिनिटे पोहणे, दहा मिनिटे विश्रांती, पुन्हा पाच मिनिटे, इतपतच. दर आठवड्याला थोडे वाढवा. आठवडाभर फ्लॅटमध्ये बसलेल्या कुत्र्याला रविवारी तासभर पाण्यात सोडणे हेच बहुतेक वेळा नडते. पाण्यातून आल्यावर शेपटीसकट पुसून कोरडे करा आणि ओल्या अंगाने गाडीच्या एसीसमोर बसवू नका. लांबच्या प्रवासात दोन तासांनी उतरवून चालवा. अरुंद पिंजऱ्यात शेपटी दुमडून तासन्‌तास बसल्यानेही हाच त्रास होतो.

शेततळ्याबद्दल आणखी एक सांगायलाच हवे. प्लॅस्टिक अंथरलेल्या उतारावर कुत्र्याची नखे ठरत नाहीत. तो बाहेर येण्यासाठी धडपडत राहतो, दमतो आणि चांगला पोहणारा कुत्राही बुडू शकतो. अशा तळ्यात सोडूच नका. उथळ, मातीचा काठ असलेले पाणी निवडा आणि अंगावर मागे हँडल असलेले लाइफ जॅकेट घाला.