सल्लागार परिषदेवर सदस्यांची 'भरती' होते का?

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत फोन, केबल, टीव्ही-रेडिओ यांचं नियमन करणारा आयोग म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, थोडक्यात एफसीसी. त्याची दळणवळणाच्या जाळ्यांच्या सुरक्षेबाबत सल्ला देणारी एक परिषद आहे. तिच्यासाठी सदस्य हवे असल्याच्या सूचनेचं मराठी करताना एकाने 'परिषदेत सदस्यभरती' असा मथळा दिला. दुसऱ्याने 'भरती' खोडून 'नामनिर्देशन' लिहिलं, तिसऱ्याला 'नियुक्ती'च हवी होती. यातला बरोबर शब्द कोणता?

'भरती' नाही, एवढं नक्की. उरलेले दोन्ही शब्द चालतात, पण ते एकाच दिवशीचे नाहीत. नियुक्ती शेवटी होते आणि ही सूचना निघते अगदी सुरुवातीला.

आधी 'भरती'चा निकाल लावू. पोलीस भरती, सैन्यभरती, शिक्षक भरती म्हटलं की रिक्त पदं, जाहिरात, वयोमर्यादा, परीक्षा, गुणवत्ता यादी हे सगळं आपोआप डोळ्यांसमोर येतं. भरतीत जागा आधी ठरते आणि माणूस मागून येऊन ती भरतो. तो कोण, याला फारसं महत्त्व नसतं. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीआधी नेत्यांच्या पक्षांतराला 'मेगाभरती' म्हणू लागले, त्यातला टोमणा इथूनच येतो. 'खोगीरभरती'बद्दल तर बोलायलाच नको. समितीत नुसती डोकी वाढवण्यासाठी माणसं घेतली, हे सांगायला मराठीत याहून नेमका शब्द नाही. म्हणून सल्लागार समितीच्या बातमीत 'भरती' लिहिली की वाचक एक तर बायोडेटा शोधायला लागतो, नाही तर गालातल्या गालात हसतो.

विभक्तीही इथे साक्ष देते. भरती सैन्यात होते, पोलिसांत होते. नेमणूक समितीवर होते, मंडळावर होते. विधान परिषदेवरसुद्धा माणूस 'जातो'. 'परिषदेत भरती' कानाला खटकते ती या 'त'मुळेच.

आता मूळ प्रक्रिया पाहू, म्हणजे शब्द कुठे बसतो ते कळेल. अमेरिकेत सरकारी सल्लागार समित्यांसाठी १९७२ चा स्वतंत्र कायदा आहे. समितीला सनद, म्हणजे तिचं काम आणि मुदत ठरवणारा सरकारी दस्तऐवज, लागते आणि ती साधारण दोन वर्षांची असते. बैठका सहसा लोकांना खुल्या ठेवाव्या लागतात, आणि सदस्यांत वेगवेगळ्या दृष्टिकोनांचा समतोल असावा लागतो. खोगीरभरती टाळायची कायदेशीर सोयच म्हणा. त्यामुळे सूचनेत 'रिक्त जागा' असं काही नसतं. कोणत्या कामाची जाण असलेली माणसं हवी आहेत ते सांगितलेलं असतं: टेलिफोन आणि केबल कंपन्या, उपकरणं बनवणारे, उपग्रहवाले, प्रसारक, ९११ ची आपत्कालीन केंद्रं चालवणारे, राज्य आणि स्थानिक सरकारं, ग्राहकांच्या संघटना. या वर्तुळातल्या कोणीही नाव पाठवावं, स्वतःचंही चालतं. सोबत त्या व्यक्तीचा हुद्दा, संस्था, अनुभव आणि ती कोणाची बाजू मांडणार, हे लिहायचं. नावं जमल्यावर निवड करून नेमणूक करायची, ती आयोगाच्या अध्यक्षांनी.

म्हणजे नावं मागवणं, निवड आणि नेमणूक असे तीन टप्पे झाले, आणि सूचना पहिल्या टप्प्याची आहे. तिला 'नियुक्ती' म्हटलं तर मुहूर्ताआधीच अक्षता पडल्या!

मग 'नामनिर्देशन' का नको? शब्द अगदी रास्त आहे, पण आपल्याकडे त्याच्यावर फार ओझं पडलंय. निवडणुकीत उमेदवार भरतो ते नामनिर्देशनपत्र. राज्यसभेतले राष्ट्रपतींनी घेतलेले बारा सदस्य 'नामनिर्देशित' असतात, म्हणजे ते आधीच सभागृहात बसलेले. जिल्हा नियोजन समितीवरचे 'नामनिर्देशित सदस्य'ही नेमले गेलेलेच असतात. पुरस्कारांच्या बातम्यांत 'नामांकन' म्हणजे कधी नाव सुचवणं, तर कधी अंतिम यादीत येणं. एवढ्या अर्थांतून वाचकाने नेमका कोणता उचलायचा? 'परिषदेसाठी अमुक यांचं नामनिर्देशन' असं वाचलं की आपल्याकडे लगेच हारतुऱ्यांची ऑर्डर जाते. म्हणून माझं मत साध्या क्रियापदाला: 'नावं मागवली', 'नावं सुचवण्याचं आवाहन'. सरकारी मसुदा असेल तर 'सदस्यत्वासाठी प्रस्ताव मागवण्यात येत आहेत'. तिथेही 'प्रस्ताव' हा शब्द आपलं काम चोख करतो, कारण प्रस्ताव फेटाळलाही जाऊ शकतो.

आता सदस्य कोणत्या प्रकारचा, तिथे खरी गंमत आहे. आपल्या शासन निर्णयांत समिती जाहीर होते तेव्हा अध्यक्ष, पदसिद्ध सदस्य, अशासकीय सदस्य, विशेष निमंत्रित, सदस्य सचिव अशी उतरंड असते. यातला 'अशासकीय सदस्य' अमेरिकेला सरसकट लावायचा मोह होतो, पण तो आवरावा. तिथे बाहेरचा माणूस दोन नात्यांनी येऊ शकतो. कंपनीचा किंवा संघटनेचा प्रतिनिधी म्हणून आला तर तो तिची बाजू मांडतो, आणि ती एकतर्फी असणं सगळ्यांना मान्य असतं. स्वतःच्या ज्ञानापुरता, व्यक्तिशः आला तर त्याला 'विशेष सरकारी कर्मचारी' धरतात. वर्षात जास्तीत जास्त १३० दिवसांचं काम, पण हितसंबंधांचे सरकारी नियम त्याला लागू. त्याला 'अशासकीय' म्हणणं म्हणजे अर्थाचा अनर्थ. नोंदणीकृत लॉबिस्टांचा, म्हणजे दुसऱ्यांसाठी सरकारदरबारी रदबदली करण्याचा व्यवसाय असलेल्यांचा, प्रश्नही याच भेदावर सुटतो: तिथल्या सरकारच्या २०१४ च्या खुलाशानुसार ते प्रतिनिधी म्हणून बसू शकतात, व्यक्तिशः नाही. मराठीत 'प्रतिनिधी सदस्य' आणि 'व्यक्तिशः नेमलेले सदस्य' अशी जोडी मला पुरेशी वाटते.

मोबदल्याचा शब्दही याच सूचनेत येतो. या कामाला पैसे नाहीत. 'मानद' म्हटलं तर शोभेचा वास येतो, 'विनामोबदला' कोरडं पण अचूक आहे. 'बिनपगारी फुल अधिकारी' ही आपली जुनी थट्टा मात्र इथे लागू पडत नाही, कारण इथे पगारही नाही आणि अधिकारही नाही. परिषद अहवाल देते, उत्तम कार्यपद्धती सुचवते. त्या पाळायच्या की नाही हे कंपन्यांनी ठरवायचं, नियम करायचा की नाही हे आयोगाने.

तरीही कंपन्या आपली चांगली माणसं का पाठवतात, याचं उत्तर १९९१ मध्ये आहे. त्या वर्षी जूनच्या अखेरीस वॉशिंग्टन आणि आसपासच्या राज्यांतले लाखो फोन गप्प झाले. कॉल कुठून कुठे जोडायचा हे सांगणाऱ्या संकेत यंत्रणेच्या सॉफ्टवेअरमध्ये एका उत्पादकाने छोटासा बदल केला होता आणि पुरेशी चाचणी न करता तो पाठवून दिला होता. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या एक्स्चेंजचा वीजपुरवठा गेला. बॅटऱ्या उतरत होत्या, ते कोणाच्या लक्षात आलं नाही आणि लक्ष ठेवणारे तंत्रज्ञ प्रशिक्षणवर्गाला गेले होते, तेही धोक्याच्या सूचनायंत्रणेच्याच! शहरातल्या विमानतळांची वाहतूक कोलमडली. मग १९९२ मध्ये आयोगाने नेटवर्क रिलायबिलिटी कौन्सिल बसवली. पुढे नावात यंत्रणा एकमेकींशी जुळण्याचा मुद्दा आला, आणि नंतर ती कम्युनिकेशन्स सिक्युरिटी, रिलायबिलिटी अँड इंटरऑपरेबिलिटी कौन्सिल या लांबलचक नावाने ओळखली जाते. दर सनदेला नवी परिषद, नवे सदस्य. २०२१ मधली आठवी. एका कंपनीची चूक दुसरीच्या ग्राहकाला भोवते, त्यामुळे स्पर्धकांना एका टेबलाशी बसवावंच लागतं.

जाता जाता त्या नावाबद्दल. 'दूरसंचार सुरक्षा परिषद' सुटसुटीत आहे, पण 'दूरसंचार' म्हटलं की आपल्याला फोनच दिसतो आणि या टेबलाशी केबलवाले आणि टीव्ही-रेडिओवालेही असतात. 'दळणवळण'मध्ये आपल्याकडे एसटी आणि रस्तेही येतात, हेही खरं. तरी 'दळणवळण जाळी' म्हटलं की घोटाळा बराच कमी होतो. 'रिलायबिलिटी'ला 'विश्वासार्हता' नको, तो गुण माणसाचा किंवा बातमीचा. यंत्रणेला 'विश्वसनीयता' बरी. 'इंटरऑपरेबिलिटी'ला 'परस्परसुसंगतता' म्हणतात. शब्द जिभेला जड आहे. मजकुरात एकदा 'एका यंत्रणेचं दुसरीशी जुळणं' असं फोडून सांगावं आणि पुढे जावं. 'कौन्सिल'ला नावापुरतं 'परिषद' ठीक, पण पत्रकार परिषद ते जिल्हा परिषद एवढा त्या शब्दाचा पसारा असल्यामुळे पहिल्याच वाक्यात 'सल्लागार' हे विशेषण न विसरता घालावं.

आणखी एक शब्द वार्ताहरांच्या हातून हमखास पडतो: 'वर्णी'. 'परिषदेवर अमुक यांची वर्णी लागली' या वाक्यात बरीच खटपट, थोडा वशिला आणि शेवटी एकदाचं जमल्याचा सुस्कारा, असं सगळं असतं. ते तुमच्याकडे पुराव्यासकट असेल तर जरूर लिहा. नसेल तर 'नेमणूक झाली' एवढंच.

तर प्रश्नातल्या सूचनेचं मी असं करीन: 'दळणवळण जाळ्यांच्या सुरक्षेसंबंधीच्या सल्लागार परिषदेवर नेमण्यासाठी एफसीसीने नावे मागवली आहेत. संस्थांना आपले प्रतिनिधी सुचवता येतील. इच्छुकांना स्वतःचे नावही पाठवता येईल. काम विनामोबदला असून मुदत परिषदेच्या सनदेइतकी राहील.' मथळ्याला जागा कमी असेल तर 'दळणवळण सुरक्षा परिषदेसाठी नावे मागवली'. नेमणुका झाल्या की 'नियुक्ती' शब्द आहेच, तो त्या दिवशीच्या बातमीसाठी राखून ठेवा.