दोन लहान मुलं आणि आजी: क्रूझवर केबिन कुठली घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याहून तुम्ही दोघं, पाच वर्षांचा मुलगा, पावणेदोन वर्षांची मुलगी आणि तुमच्या आई दिवाळीच्या सुट्टीत क्रूझला जायचं म्हणताय. मुंबई-गोवा-लक्षद्वीप की सिंगापूरहून, ते अजून ठरलेलं नाही. केबिन आतली घ्यावी, खिडकीची की बाल्कनीची? आणि बाळाचं खाणं केबिनमध्ये करता येईल का?

मी इथं बडोद्यातच दांडिया बाजारात बसून लोकांच्या सहलींची बुकिंगं करते, त्यामुळे हा प्रश्न सारखा कानावर येतो. मी आधी एवढंच विचारते: रात्री कोण कुणाजवळ झोपणार? ते ठरलं की खिडकी-बाल्कनीचा निम्मा वाद तिथंच मिटतो.

तुम्ही पाच जण आहात. बाळ दिवसभर कडेवर असलं तरी जहाजाच्या हिशेबात ते एक पूर्ण माणूस धरलं जातं, कारण केबिनमधली माणसं आणि लाइफबोटीतल्या जागा यांचा मेळ घालावा लागतो. साध्या केबिनमध्ये दोन, तीन, फार तर चार माणसं बसतात. पाच जणांच्या फॅमिली केबिन असतात, पण मोजक्या, आणि दिवाळीसाठी त्या फार आधी उचलल्या जातात. म्हणजे तुम्हाला दोन केबिन घ्याव्या लागणार हे धरून चाला. ऐकताना खर्चिक वाटतं, पण हिशेब करून बघा. भाडं दोन माणसांच्या हिशेबानं लावतात, तिसऱ्या-चौथ्याला बहुतेक ठिकाणी कमी पडतं. एकट्या माणसाला मात्र जवळजवळ दोघांचं भाडं द्यावं लागतं. म्हणून आजींना एकटी केबिन देऊ नका. आजी आणि नातू एका केबिनमध्ये, तुम्ही दोघं आणि बाळ दुसऱ्या केबिनमध्ये. प्रत्येक केबिनमध्ये एक मोठं माणूस हवं ही कंपन्यांची अटही त्यात पाळली जाते.

या वाटणीचा खरा फायदा रात्री कळतो. चौघांच्या केबिनमध्ये तिसरा आणि चौथा पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली येतो, त्याला पुलमन बर्थ म्हणतात. वर चढायला शिडी, कडेला बुटका कठडा. सहा वर्षांखालच्या मुलाला अशा वरच्या पलंगावर झोपवू नये असं सगळीकडेच सांगतात, आणि तुमचा मुलगा पाचाचा आहे. आजी तर वर चढणारच नाहीत. तीन-दोन अशी विभागणी केली की कुणालाच वर जावं लागत नाही, मुलगा खालच्या पलंगावर आजीच्या कुशीत. बाळासाठी घडीचा पाळणा बहुतेक कंपन्या पैसे न घेता देतात, पण बुकिंग करतानाच मागून ठेवावा लागतो. तो उघडल्यावर जागा किती उरते ते मात्र कुणी सांगत नाही. मोठ्या नव्या जहाजांवर आतली केबिन साधारण १५० ते १९० चौरस फुटांची असते, जुन्या जहाजांवर त्याहून लहान. घरी हॉलमध्ये खडूनं दहा बाय सोळा फुटांचा चौकोन आखा. त्यात डबलबेड, बाथरूम, कपाट आणि पाळणा मांडून बघा. बाबागाडी घडी करून कुठं जाईल ते लगेच दिसेल. ती रात्री कॉरिडॉरमध्ये ठेवू देत नाहीत. बॅगा रिकाम्या करून पलंगाखाली सरकवायच्या, तीच जागा त्यांची.

आता जागा, म्हणजे केबिन जहाजात नेमकी कुठं हवी. माझ्या मते पैसे मोजायचे ते इथं. कमाटीबागेतल्या सी-सॉवर मधे बसलेल्याला फारसं कळत नाही आणि टोकाचा वर-खाली होत राहतो, तसंच जहाजाचं. नाकाकडची आणि शेपटाकडची केबिन लाटेबरोबर उचलली जाते. डुलणं म्हणजे डावीकडून उजवीकडे झुकणं, ते वरच्या मजल्यांवर जास्त लागतं. त्यामुळे मधली आणि खालच्या डेकवरची केबिन सगळ्यांत शांत, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा स्वस्तही. लोक उंचावरची केबिन चांगली समजतात म्हणून तिचा दर चढतो, एवढंच.

बोट लागण्याचं वय साधारण दोन ते बारा. दोन वर्षांखालच्या बाळांना क्वचितच त्रास होतो, म्हणजे तुमची धाकटी मजेत राहील आणि चिंता मुलाची करायची. त्याला गाडी लागते का? घाटात, बसमध्ये? लागत असेल तर त्याची आणि आजीची केबिन मध्यावर घ्या, तुमची थोडी इकडे-तिकडे झाली तरी चालेल. आपल्याकडे घरोघरी अ‍ॅव्होमिनची पट्टी पडलेली असते. ती दोन वर्षांखालच्या बाळाला अजिबात द्यायची नाही, आणि मुलासाठीही किती, कधी हे बालरोगतज्ज्ञांना विचारूनच.

बडोद्यात राहण्याचा एक फायदा इथं घेता येईल. सुरतजवळच्या हजीऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्याला २०२० पासून रो-पॅक्स फेरी चालते, गाडीसकट. तीन-चार तास समुद्रावर. एका शनिवार-रविवारी मुलांना घेऊन जाऊन या. मुलगा डेकवर धावत सुटतो की गप्प होऊन आईच्या मांडीत डोकं खुपसतो, ते एका फेरीत समजेल. दहेज-घोघा फेरी आपल्याला जास्त जवळची होती, २०१७ मध्ये केवढ्या थाटात सुरू झाली, पण गाळानं घात केला. असो.

मध्यावरची केबिन मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडून वर-खाली काय आहे ते बघा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज येतो. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर बाळ साडेआठला झोपतं आणि ढोल साडेदहाला सुरू होतो. वर केबिन, खाली केबिन आणि दोन्ही बाजूंना केबिन, ही सगळ्यांत चांगली जागा. नकाशावर काही न लिहिलेले कोरे चौकोन दिसतात, ते कर्मचाऱ्यांचे. तिथून सकाळी लवकर चादरींच्या ट्रॉल्या निघतात. लिफ्ट जवळ हवी, आजींसाठी, पण अगदी समोर नको. दोन-चार दारं सोडून. खिडकीची केबिन घेताना 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' लिहिलंय का ते वाचा. लिहिलं असेल तर काचेबाहेर समुद्राऐवजी लाइफबोटीचं नारिंगी पोट दिसण्याची शक्यता मोठी. आणि 'गॅरंटी केबिन' म्हणून स्वस्तात दिसतं ते तुम्ही घेऊ नका. त्यात दर्जा नक्की असतो, जागा कंपनी ठरवते, आणि तुमच्या दोन केबिन दोन टोकांना येऊ शकतात.

दोन केबिन एकमेकींशी कशा हव्यात? सगळ्यांत उत्तम म्हणजे मधे दार असलेल्या, कनेक्टिंग. नुसत्या शेजारी असलेल्या केबिनना मधे दार नसतं, तेव्हा एजंटनं 'बाजूबाजूला देतो' म्हटलं तर दार आहे का असं स्पष्ट विचारा. डेक प्लॅनवर अशा जोड्यांना बारीक खूण असते. कनेक्टिंग मिळाली नाही तर समोरासमोरच्या घ्या: तुमची खिडकीची, कॉरिडॉर ओलांडून आजींची आतली. आतल्या केबिनचं भाडं सगळ्यांत कमी, त्यामुळे ही जोडी एका मोठ्या सुइटपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते, शिवाय बाथरूम दोन मिळतात. सकाळी बंदरावर उतरायची घाई असते तेव्हा पाच जणांत दोन बाथरूम म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आतल्या केबिनला उगाच नावं ठेवतात. दिवा मालवला की मिट्ट काळोख, दुपारी दोनलाही. लहान मुलं त्यात गाढ झोपतात, सकाळी उठवावं लागतं. मात्र रात्री आजी बाथरूमला उठल्या तर काही दिसणार नाही, म्हणून छोटा रात्रदिवा न्या, बॅटरीवरचा, मागं चुंबक असलेला. केबिनच्या भिंती आतून पोलादी असतात, चुंबक घट्ट बसतो. त्याच युक्तीनं चुंबकाचे चार हूक न्या, मुलांचे ओले पोहण्याचे कपडे, टोप्या, आजींची माळ, सगळं भिंतीवर. बाथरूमच्या दाराशी थोडा उंच उंबरा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. पहिल्याच संध्याकाळी आजींना आणि मुलाला तो दाखवून ठेवा. बाथटब साध्या केबिनमध्ये सहसा नसतो, नुसता शॉवर, तोही अरुंद. बाळाला बसवून अंघोळ घालायची तर घडीची रबरी बादली घरून नेलेली बरी.

सिंगापूरहून रॉयल कॅरिबियन कंपनीच्या क्वांटम वर्गातल्या जहाजावर गेलात तर तिथल्या बऱ्याच आतल्या केबिनमध्ये भिंतभर पडदा असतो, त्यावर बाहेरच्या कॅमेऱ्यातून समुद्र दिसतो. नको तेव्हा बंद करता येतो. पाच वर्षांच्या मुलाला त्याचं अप्रूप खिडकीपेक्षा जास्त, हे मी पैजेवर सांगते.

आणि बाल्कनी. माझं मत स्पष्ट आहे: चालायला शिकलेलं आणि चढायला लागलेलं मूल घरात असेल तर बाल्कनीवर पैसे घालू नका. कठडा उंच असतो, अमेरिकी कायद्यात तो किमान ४२ इंच लागतो, म्हणजे उभं राहून पडण्याची भीती नसते. भीती असते ती बाल्कनीतल्या खुर्चीची आणि छोट्या टेबलाची, कारण मूल ते ओढत कठड्यापर्यंत नेतं. पावणेदोन वर्षांच्या मुलीवर कोणीतरी सतत नजर ठेवायची आणि त्यासाठी जादा भाडंही भरायचं, हे मला पटत नाही. बाल्कनीच्या बाजूनं एकच मुद्दा खरा आहे. बाळ साडेआठला झोपलं की तुम्हा दोघांना अंधाऱ्या केबिनमध्ये कुजबुजत बसावं लागतं, तेव्हा बाहेर बसायला जागा मिळते. पण तुमच्याबरोबर आजी आहेत. एक रात्र त्यांनी बाळाजवळ बसायचं, एक रात्र तुमच्यापैकी कुणी. तरीही बाल्कनी घेतलीतच तर खुर्च्या-टेबल केबिन सांभाळणाऱ्याला सांगून बाहेर काढून घ्या, आणि दाराची वरची कडी मोठ्यांनीच लावायची असा घरात नियम करा. वाऱ्यानं ते दार जोरात आपटतं, बोटं सांभाळा.

केबिनचं मुख्य दारसुद्धा जड असतं आणि आपोआप मिटतं, आगीसाठी तशी रचना लागते. आतून ते मूठ दाबली की उघडतं, कुलूप लावलं तरी. त्यामुळे झोपेतून उठलेलं मूल सरळ कॉरिडॉरमध्ये जाऊ शकतं. आतल्या मुठीला एक घुंगरू बांधा. हसू येईल, पण पहाटे पाचला त्याचा उपयोग कळेल.

मुंबईहून जायचं ठरलं तर बाल्कनीचा प्रश्न जवळपास उरतच नाही. मुंबईहून क्रूझ चालवणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे १९९० सालचं जहाज, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं. त्या काळी केबिनगणिक बाल्कनी देण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे ती मोजक्या वरच्या दर्जाच्या केबिनना आहे. साध्या केबिन आटोपशीर आहेत, वर सांगितलेला खडूचा चौकोन त्यासाठी अजून थोडा लहान आखा. तुमच्यासाठी तिथं एक खिडकीची आणि समोरची किंवा शेजारची एक आतली, दोन्ही मध्यावर, एवढंच मागा. लक्षद्वीपला जहाज खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या बोटींतून बेटावर नेतात. हलत्या बोटीत बाळाला घेऊन उतरायचं असतं, तेव्हा बाबागाडी जहाजावरच ठेवून बाळाला पोटाशी बांधायची झोळी घ्या. समुद्र खवळला असेल तर ती फेरी रद्दही होते. दिवाळीपर्यंत अरबी समुद्र साधारण निवळलेला असतो, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर वादळांचाही काळ आहे, त्यामुळे परतीचं रेल्वेचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका.

बाळाच्या खाण्याचं: केबिनमध्ये शिजवता येणार नाही. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, छोटा कुकर, इतकंच काय सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा चढतानाच काढून घेतात आणि उतरताना परत देतात. आगीच्या बाबतीत जहाजं फार कडक असतात आणि असावीतच. घरून भाजून दळून नेलेलं नाचणी सत्व किंवा मऊ भाताचं पीठ असं कोरडं, पाकीटबंद खाणं चालेल का ते बुकिंगच्या वेळी लेखी विचारा. गरम पाणी रेस्टॉरंटमध्ये थर्मासमध्ये भरून मिळतं, रात्रीचं झोपायच्या आधीच आणून ठेवा. मऊ वरणभात हवा असेल तर पहिल्याच जेवणाला मुख्य वाढप्याला बाळ दाखवून सांगा. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर तर त्यात काहीच अवघड नाही, आणि सिंगापूरच्या जहाजांवरही भारतीय प्रवासी एवढे असतात की डाळभात मिळतो. फक्त तिखट कमी करायला सांगायला विसरू नका.